आनंदाचं पातं

बारेंडनं ब्रेकचा दोर सोडला आणि दोन्ही हातांनी पवनचक्कीचं पातं ओढायला सुरुवात केली. वारा पडला होता, पात्यावरचं कापड गुंडाळलेलं होतं, तरी त्याला धाप लागत होती. त्याचा एकुलता एक मुलगा, रूलोफ, घरात खाटेवर पडला होता. जंगलात लपलेल्या इंग्रज शिपायांना पाव पोचवून सकाळी परत येताना त्याला जर्मनांची गोळी लागली. जागच्या जागी गेला.

आमच्याकडे पवनचक्कीवाल्याच्या घरात कुणी वारलं तर कुणाला सांगत फिरावं लागत नाही. खालचं पातं तळ ओलांडून जरासं पुढं थांबवायचं, म्हणजे दुखवटा. लग्नकार्य असलं, मूल झालं, की तेच पातं तळाला पोचायच्या आधी थांबवायचं. मैलभरावरूनही माणसांना कळतं. बारेंडनं पूर्वी आपल्या बापासाठी दुखवट्याचं पातं लावलं होतं. आज ते मुलासाठी लावायची वेळ आली. असले दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

"काका, थांबा! थांबा म्हणते ना!" हर्मिना घरातून धावत आली. ही गावची नर्स. तिनंच रूलोफला गाडीत घालून, वर बिटं रचून घरी आणलं होतं. गावात अजून कुणाला पत्ता नव्हता.

"आता कशाला थांबू?"

"पातं अलीकडं हवंय. आनंदाचं. आज ठरलंय ना आपलं?"

बारेंड विसरला नव्हता. ऱ्हाईन नदीच्या पलीकडं दोस्तांची फौज होती, अलीकडं जर्मन. नदीवरच्या पुलाची लढाई हरल्यावर मागं अडकलेले शंभरेक इंग्रज महिनाभर आमच्या जंगलात आणि गोठ्यांत दडून होते. पातं आनंदाचं दिसलं, तर अंधार पडल्यावर त्यांना न्यायला पलीकडून होड्या येणार होत्या. नाही दिसलं, तर नाही. आणि उद्या जर्मन सगळं जंगल पिंजून काढणार होते.

"माझा पोरगा आत पडलाय गं," बारेंड म्हणाला. "आणि मी गावाला सांगू, माझ्या घरी सोहळा आहे म्हणून? तुझ्या जिभेला काही हाड?"

"मला काय हौस आलीय?" हर्मिनाचा आवाज चिरकला. "दुसरी खूण ठरलेली नाही, काका. पलीकडं निरोप न्यायचा, तर नेणारा माणूस रूलोफच होता."

बारेंड पात्यावर डोकं टेकून उभा राहिला. तेवढ्यात त्याची बायको लांबेर्ता दारात आली.

"ओढ ते पातं," ती म्हणाली.

"लांबेर्ता, तू मधे पडू नकोस."

"महिनाभर त्यांचे पाव मी भाजले. ते पोचवताना हा मेला. आता ती माणसं सापडली, तर माझं पोर फुकट गेलं, बारेंड. फुकट! ओढ म्हणते ना!"

पातं मागं फिरत नाही. दुखवट्यावर गेलेलं पातं तसंच पुढं न्यावं लागतं आणि दुसरं खाली येईपर्यंत ओढत राहावं लागतं. बारेंड ओढत राहिला, रडत राहिला. दुसरं पातं तळाच्या जरा अलीकडं आल्यावर त्यानं ब्रेक लावला.

थोड्या वेळानं नदीपलीकडच्या वीटभट्टीपाशी कुणीतरी पांढरी चादर वाळत घातली. खूण पोचली होती. हर्मिना गवतावर बसली.

एवढ्यात बांधावरून शेजारचा म्हातारा रिकस लगबगीनं आला. त्याच्या मागोमाग पहाऱ्यावरचा जर्मन शिपाई होता, म्हणजे रिकसला डोळ्यानं खुणावायचीही सोय नव्हती.

"काय रे बारेंड, असल्या दिवसांत आनंदीआनंद! आणि शेजाऱ्याला पत्ता नाही! पोराचं जमलं की काय?"

बारेंड ब्रेकच्या दोराची गाठ आवळत राहिला. शिपाई थांबून ऐकत होता.

"जमलं," हर्मिना उठत म्हणाली. "माझ्याशीच."

गेल्या रविवारी रूलोफनं तिला खरंच विचारलं होतं. ती "बघू" म्हणाली होती.

"अगं लबाडे!" रिकसनं तिचे दोन्ही गाल ओढले. आमच्याकडे मुलाचं काही चांगलं झालं, की अभिनंदन आईबापांचंही करतात. त्यानं बारेंडचा हात धरून गदागदा हलवला. "नशीब काढलंस, लेका! मला तर वाटलं होतं, तुझा मुखदुर्बळ पोरगा जन्मभर पिठातच राहतो. आणि नवरदेव कुठाय? लाजून बसलाय?"

"कपडे घालायचेत त्याला," लांबेर्ता दारातून म्हणाली. "रविवारचे."

शिपाईसुद्धा हसला आणि बांधावरून पुढं निघून गेला. पण रिकस कसला ऐकतोय! त्यानं वळून तोंडाभोवती हात धरले आणि शेताकडं बघून आरोळी ठोकली, "रूलोफचं जमलं होऽऽ!" बीट काढणारी माणसं कंबर सरळ करून उभी राहिली. बाया ओरडायला लागल्या, पोरांनी टोप्या उडवल्या. सगळी पवनचक्कीकडं बघून हात हलवत होती.

लांबेर्तानंही हात वर केला आणि हलवला. रूलोफचं अंग पुसायचं ओलं फडकं तिच्या मुठीत तसंच राहिलं होतं. त्यातलं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. माणसं थांबेनात, म्हणून तीही थांबली नाही.