फाटकाबाहेरची बकुळ

"घर भाड्याने देणे आहे" ही पाटी फाटकाबाहेरच्या बकुळीला खिळा ठोकून लावली होती. लेक सुवर्णा घरमालकीणबाईंशी बोलत होती, पण गेनबाचा जीव त्या खिळ्यात अडकला होता.

"शांत कॉलनी आहे आमची," बाई म्हणाल्या. "इथलं कुणी ओळखीचं असल्याशिवाय मी घर देत नाही."

"आमच्या ओळखीचं इथे कुणी नाही," सुवर्णा हळू आवाजात म्हणाली. इकडे गेनबाने खिळा हलवून हलवून उपसलाच.

"अहो, पाटी काय काढताय? अजून काही ठरलेलं नाही!"

"पाटी फाटकाला लावा की, बाई. झाडाला खिळा सोसत नाही." त्याने सालीवरून अंगठा फिरवला. "बागखात्यात माळी होतो मी. ही बकुळ लावली तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होती. या गल्लीतली सगळी एकोणचाळीस झाडं माझ्या हातची. उन्हाळ्यात सायकलला डबे बांधून पाणी आणायचो. दोन मेली, ती पुन्हा लावली."

बाईंनी मान वर करून पाहिलं. भर दुपारी गल्लीच्या टोकापर्यंत कुठे ऊन खाली उतरत नव्हतं.

"ओळखीचं विचारत होतात ना?" सुवर्णाचा आवाज एकदम खणखणीत झाला. "हे आहेत. माझे बाबा."

बाईंनी पाटी मागून घेतली, पण फाटकाला लावली नाही. ती काखेत धरून त्यांनी फाटक सताड उघडलं. "या, घर बघून घ्या."

माळी असतानाच्या जुन्या सवयीने गेनबा फाटकातच चपला काढायला वाकला. लेकीने त्याचा हात धरला.

"इथे नाही, बाबा. आता दारात काढायच्या."