बारा घरांतला राजा

“नाव नको, तारीख नको. बारा घरं तेवढी दाखवा,” ज्योतिषीबुवा म्हणाले.

“नाव कसं लपवू, गुरुजी? बाहेर दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय,” संग्रहालयाचे संचालक हसत म्हणाले.

इजिप्तच्या एका प्राचीन राजाचं प्रदर्शन आजच उघडलं होतं. देवळाच्या भिंतीवरच्या लेखावरून अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वीच त्याची जन्मवेळ काढली होती. तिच्यावरून मांडलेली पत्रिका बुवा भरल्या सभागृहात वाचून दाखवणार होते. संचालकांचा ज्योतिषावर काडीचा विश्वास नव्हता. गर्दीवर मात्र होता.

बुवांचा नियम जुना होता. नाव विचारलं की लोक म्हणणार, ओळखीवरून सांगितलं. तारीख विचारली की म्हणणार, वय बघून सांगितलं. म्हणून समोर नुसता ग्रह मांडलेला कागद, बाकी काही नाही. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता. घरच्यांनाही त्यातून सूट नव्हती.

आतल्या खोलीत बुवांच्या मुलीनं त्यांच्यापुढे कागद ठेवला. इजिप्तच्या दालनाचं काम तिच्याकडेच होतं. “पाणी हवंय?” एवढं विचारून ती दाराशी जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत बापलेकीचं बोलणं याच्या पुढे गेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं लग्नाचा विषय काढला होता. मुलगा याच संग्रहालयात फुटकी भांडी सांधायचा. बुवांनी पत्रिका मागवली, एक नजर टाकली आणि कागद परत केला.

“लग्नी शनी, दशमात मंगळ, सातव्यात एकटा चंद्र. जन्मभर दुसऱ्यांची भांडी जोडत बसेल. याच्या हातून स्वतःचं काही उभं राहायचं नाही.”

“तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही,” मुलगी म्हणाली होती. “आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही.”

मग सामान उचलून ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. बाप तसा, लेक तशी. मधल्यामध्ये दोन्हीकडचे निरोप पोचवून आई बिचारी मेटाकुटीला आली.

बुवांनी चष्मा लावला आणि कागद जवळ घेतला.

लग्नी शनी. दशमात मंगळ. सातव्यात एकटा चंद्र.

पुढचं पाहायची गरजच नव्हती. एकदा पाहिलेली पत्रिका ते विसरत नसत, आणि खरं सांगायचं तर ही पत्रिका दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरून हललीच नव्हती.

अस्सं! म्हणजे पोरीनं राजाच्या जागी त्या भांडीवाल्याची पत्रिका सरकवली होती. बुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट सांगावं, तर सभेत हसं होणार. राजानं बांधलेल्या देवळांची चित्रं बाहेर भिंतभर लावलेली. चांगलं सांगावं, तर स्वतःचाच शब्द फिरवल्यासारखं होणार. पोरीनं बापाला बरोबर कोंडीत पकडलं होतं.

मग हळूहळू राग उतरला आणि त्यांना हसूच आलं. काय डोकं आहे! आपल्यालाही सुचलं नसतं. मुलगी कुणाची आहे शेवटी? त्यांची छाती फुगली. आणि त्याच वेळी, तिच्यावाचून घर खायला उठतं, हेही त्यांनी पहिल्यांदा मनाशी कबूल केलं. घरात बसून शब्द मागे घेणं त्यांना या जन्मी जमलं नसतं. व्यासपीठावरून जमण्यासारखं होतं. तिथे त्याला भविष्य म्हणतात.

ते ताठ मानेनं सभागृहात गेले.

“लग्नी शनी,” त्यांनी सुरुवात केली. “या माणसाला घाई नाही. लोक त्याला मंद म्हणतील. पण एकावर एक ठेवत तो जे उभं करील, ते त्याच्या मागे राहील. दशमात मंगळ. हातात बळ आहे, आणि ते मोडायला नाही, उभारायला वापरेल.”

बुवा थांबले. मुलगी दाराशी उभी होती.

“सातव्यात चंद्र. बायको मानी मिळेल, आणि तिला तो आपल्या बरोबरीनं उभं करील. असल्या माणसाला कुणी कमी लेखलं असेल, तर वाचणारा चुकला. पत्रिका चुकलेली नाही.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. संचालक माहितीचा फलक घेऊन पुढे आले. राजाची कारकीर्द लांबली होती, देवळं अजून उभी होती, आणि राणीचा पुतळा त्यानं आपल्या पुतळ्याएवढाच उंच घडवून घेतला होता.

“गुरुजी, आधी वाचून नाही ना आलात?” संचालकांनी विचारलं.

बुवा नुसते हसले. अंदाजानं मारलेला दगड एवढा नेमका लागावा, याचं त्यांनाही नवल वाटत होतं.

आतल्या खोलीत मुलगी डोळे पुसत होती.

“बाबा, शेवटी बोललात ते कुणाबद्दल?”

“कुणाबद्दल ते तुला ठाऊक आहे. उद्या त्याला घरी घेऊन ये. आणि तुझं सामानही आण.” बुवांनी चष्मा काढला. “पत्रिका मी बघताक्षणी ओळखली. राजाच्या नावावर त्याची खपवलीस, बापाला पेचात पकडलंस. मला राग नाही आला, पोरी. अभिमान वाटला तुझा.”

मुलगी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

“बाबा, मी काही बदललं नाही. ही राजाचीच आहे.”

“थापा नको मारूस. हीच पत्रिका मी दोन वर्षांपूर्वी पाहिलीय.”

“पाहिलीत ना. तो अनाथाश्रमात वाढला, बाबा. त्याला त्याची जन्मतारीखसुद्धा ठाऊक नाही. तुम्ही पत्रिका मागितलीत, तेव्हा मी या राजाची पाठवली. म्हटलं, राजाला तरी नाही म्हणणार नाहीत.”