इंदिराबाईंचा समुद्र

धरणगावच्या इंदिराबाईंनी जन्मभर जवळची गिरणा नदीच पाहिली होती; त्यांना एकदा समुद्र पाहायचा होता. पण हृदयाचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. मग योगराजने आईच्या खाटेशेजारी काचेची टाकी मांडली, समुद्री मीठ कालवून पाणी भरलं, प्रवाळाचे दगड रचले. पाणी महिनाभर मुरल्याशिवाय त्यात मासे जगत नाहीत, हे त्याला नंतर कळलं. तो रोज पाणी तपासायचा, आईचा श्वास ऐकायचा आणि नुसत्या येरझाऱ्या घालायचा. विसाव्या दिवशी त्याला राहवेना.

"माय, मासा सोडाले आजून दहा दिन लागतीन. थांबशी ना?"

 

इंदिराबाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या, "मासा ते गिरनामाबी शेतस, भाऊ; पन समुद्र खरंच खारा शे रे!"