पितळी वाटी

फोनमधून शहादेव सर बोलू लागले आणि त्यांच्याच दहाव्याला जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“गावकऱ्यांनो, तलावात उरलेलं पाणी साखर कारखान्याला द्या. हीच माझी शेवटची इच्छा.”

आवाज हुबेहूब होता. “दवाखान्यात माझ्याजवळ बोललेले,” म्हणत कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांनी फोन खिशात ठेवला आणि कोरडेच डोळे पुसले. तलाव गावाच्या पाणी सोसायटीचा. त्यात दोन महिने प्यायला पुरेल एवढंच पाणी होतं. ठरावाची सभा दुपारीच होती.

“हा आवाज दादांचा नाही, यंत्राने तयार केलाय,” सरांची मुलगी कालिंदी म्हणाली. “दादांनी यावरच पुस्तक लिहिलंय. तुमच्याच हस्ते प्रकाशन झालं.”

सर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. नव्या यंत्रांनी माणसाशी कसं वागावं, यावर त्यांनी तीनशे पानं लिहिली होती. पहिलाच नियम: लोकांना थक्क करण्याआधी त्यामागची करामत सांगा. आबासाहेब त्या पुस्तकावर पाऊण तास बोलले होते. त्यांनी सोडली होती ती फक्त वरची फीत, आतलं पान उलटलं नव्हतं.

“ताई, तुमी शिकलेल्या, आमी अडाणी,” आबासाहेब हसले. “कावळ्यालाच इचारू की. पिंडाला शिवला, तर सरांचीच इच्छा.”

लोकांनी माना डोलावल्या. घरामागच्या कोरड्या ओढ्यात पिंड मांडला होता, वर बाभळीवर कावळा. दुष्काळात भात कोण सोडतो? आबासाहेब निवांत होते.

कालिंदी घरात गेली. पितळी वाटीत पाणी घेऊन आली आणि वाटी पिंडापासून दहा पावलांवर ठेवली.

कावळा उतरला. भाताकडे त्याने पाहिलंही नाही. वाटीच्या काठावर बसून पाणी पीत राहिला.

“अगं बाई, सरांना पाणी पायजे!” केसरबाई ओरडली. “अन् ह्याचा मुडदा बशिवला, ह्यो त्येच कारखान्याला द्याया निघालाय!”

दुपारी ठरावाच्या बाजूने एकच हात वर झाला.

कालिंदीने वाटी घासून ओट्यावर ठेवली, नेहमीच्या जागी. दवाखान्यात जाईपर्यंत उन्हाळाभर दादा रोज सकाळी तिथेच, त्याच वाटीत, त्याच कावळ्याला पाणी ठेवत. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

पुस्तकातला पहिला नियम त्या दिवशी दोघांनी मोडला. आबासाहेबांनी तो वाचलाच नव्हता. कालिंदीने छपाईआधी पुस्तकाची मुद्रितं तपासली होती.