रविवारची ड्युटी

“इथं बसायचो आम्ही,” राजनंदिनीनं काचेजवळची खुर्ची ओढून दिली. “ही त्याची.”

सरूबाई खुर्चीच्या कडेला टेकली. सोमनाथच्या कपड्यांची पिशवी तिनं पायांशी धरली. संक्रांतीनंतर पोरगा अपघातात गेला, आता उन्हाळा सरत आला, तरी वाळूजला कंपनीजवळच्या त्याच्या खोलीवर जायचा तिला धीर होत नव्हता. आज कशीबशी फुलंब्रीहून गाडी धरून आली होती. खोलीवर सामान आवरत असतानाच या पोरीचा फोन आला. सोमनाथच्या खोलीतल्या जोडीदारानं कळवलं असावं. “मी सोमनाथच्या ओळखीची. काकू, जाताना कॅनॉट मार्केटमधल्या कॉफीशॉपमध्ये भेटाल का जरा?” एवढंच म्हणाली होती.

आत गारवा होता. सगळीकडं तरणी पोरंपोरी. एकेका कपावर दुपार काढत बसलेली. सरूबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

“काय घेता काकू? चहा नाही मिळत इथं. कॉफीच.”

“त्यो काय घ्यायचा?”

“ब्लॅक कॉफी. बिनसाखरेची.”

सरूबाईला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाचं बोलतेय. तिचा सोमनाथ चहात साखर कमी पडली तर कप तसाच सारून द्यायचा. “तीच सांग मला,” ती म्हणाली.

कॉफी आली. पहिला घोट तिनं काढ्यासारखा गिळला. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली होती. वेटरनं त्यांचे अर्धेअधिक भरलेले पाण्याचे ग्लास उचलले आणि बादलीत उपडे केले. सरूबाईची नजर त्या बादलीतच अडकली.

“आमच्याकडं टँकर बुधवारी आन रविवारीच येतो,” ती म्हणाली.

“माहितीये. सोमनाथ सांगायचा. रविवारी दुपारी तुम्हाला फोन करायचा नाही. म्हणायचा, आई रांगेत असंल आता.”

“तवा त्यो इथं असायचा?”

“हो ना. सुट्टी असायची ना त्याला रविवारी. एक रविवार चुकवला नाही त्यानं.”

सरूबाईच्या हातातला कप तसाच राहिला.

गेली दोन वर्षं दर शनिवारी सोमनाथचं फोनवर एकच बोलणं असायचं. आई, उद्या पण ड्युटी लागली. नाय जमत यायला. तरी रविवारी ती त्याच्या वाटणीची भाकरी टाकायची. फुलंब्रीची शेवटची जीप गावात येऊन थांबेपर्यंत ओट्यावर बसून राहायची. मग भाकरी शेजारच्या मालनबाईकडं द्यायची. पोरगा गेला, तेव्हा भेटायला येईल त्याला ती हेच सांगत राहिली. रविवार नाय, सण नाय, राबवून घेतलं माझ्या लेकराला. गाडीवर झोप लागली असंल त्याला. सगळा राग तिनं त्या कंपनीवर काढला होता. त्या रागाच्याच आधारानं ती आजवर उभी होती.

“काकू,” राजनंदिनीचा आवाज एकदम खाली गेला. “त्या दिवशी तो इथून उजेडातच निघाला होता. मीच म्हणाले, थांब ना थोडा वेळ. थांबला. मग अंधार पडला, आणि रस्त्यात तो बिनलाइटचा ट्रॅक्टर...” टेबलावरचा कागदी रुमाल ती बोटांनी कुस्करत राहिली. “मी जाऊ दिलं असतं तर खोलीवर पोचला असता.”

सरूबाईच्या ओठांवर आलं होतं. माझ्याकडं यायला त्याला सवड नव्हती, आन तू म्हणालीस की थांबायचा व्हय गं? पण समोर पोरगी बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्याची हाडं वर आलेली. सोमनाथपेक्षाही लहान असेल.

“घरी सांगितलंस का तू?” सरूबाईनं विचारलं.

“नाही. कुणालाच माहीत नाही. बाथरूममध्ये नळ सोडते आणि रडते. मग आई बाहेरून ओरडते, पाणी काय फुकट येतं का.” तिनं डोळे पुसले आणि सरूबाईकडं पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं ना, काकू? सांगायचा ना तो घरी, माझ्याबद्दल?”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी जोरात हॉर्न वाजवत गेलं. सरूबाईनं कप खाली ठेवला.

“सांगायचा की,” ती म्हणाली. “लई सांगायचा.”

“काय?”

सरूबाईची नजर पुन्हा त्या बादलीकडं गेली.

“म्हणायचा, आई, तिला तुला दाखवायला आणायचीय. पण आत्ता नाय. आत्ता आणली तर तू पयल्याच दिशी तिच्या हातात हंडा देशील. इहिरीला पाणी येऊ दे, मग आणतो.”

राजनंदिनी रडता रडता हसली. खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकली.

“अजून?”

सरूबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि सोमनाथ जे कधीच बोलला नव्हता, ते एकेक आठवल्यासारखं सांगू लागली.