शंभर कोबींची सासू

लोकांच्या सुना सासूच्या कागाळ्या माहेरी करतात. मल्सुनच्या सुनेने, दानबीने, त्या कोरियातल्या ग्वांगजू शहराच्या कलादालनात मांडल्या. कॉम्प्युटरवरचे खेळ हीच म्हणे तिची कला! या खेळात थंडीआधी शंभर कोबींची किमची, म्हणजे वर्षाचं तिखट लोणचं, घालायची आणि पडद्यावरच्या सासूने प्रत्येक कोबीमागे सुनेला एक टोमणा हाणायचा. जिंकायची सोयच नाही. लोक पोट धरून हसत होते.

मल्सुन स्वतःच खेळायला बसली. पडद्यावरची सासू कडाडली, "एवढं मीठ? समुद्र आटवलास की काय?" टोमणे शब्दशः मल्सुनचेच. मागे उभ्या दानबीच्या तोंडचं पाणी पळालं. शंभरावा कोबी झाला, तशी मल्सुन उठली.

"टोमणे माझेच, एकही नाकारत नाही. पण दरवर्षी मसाल्याच्या हाताने तुझ्या तोंडात कोंबते, तो ताज्या किमचीचा पहिला घास कुठाय गं? चोरटे, अर्धीच सासू मांडलीस!"