नवसाबाईंची गादी

"झोपा," सुवर्णा म्हणाली.

कुंदननं आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मी?"

"गादी आईंसाठी घ्यायची आहे. हातानं दाबून काय कळणार?"

सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तो कंपनीच्या कपड्यांतच मेन रोडवरच्या या दुकानात आला होता. आईला सगळ्यात भारी गादी घ्यायची, हे त्यानं वाटेतच ठरवलं होतं. दुकानाचे मालक यादवशेठ यांनी पलंगावर जाडजूड फोमची गादी टाकली होती. तळव्यानं दाबली की ती मनगटापर्यंत आत जायची. कुंदनला ती बघताक्षणी आवडली होती.

उन्हाळ्यात कुंदनच्या आईचं, नवसाबाईंचं, उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. घरातल्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता आणि आता त्यांच्या पाठीवर जखम झाली होती. गादी बदला, डॉक्टर म्हणाले होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूस बदलत राहा, दिवसा आणि रात्रीही. ते काम सुवर्णा करत होती. आत्ता शेजारच्या भागीबाईंना आईंजवळ बसवून ती आली होती.

कुंदन चपला काढून आडवा झाला.

"अंग सैल सोडा. मी काही केलं तरी मदत करायची नाही."

तिनं पदर खोचला. त्याचा एक गुडघा दुमडला, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि त्याला आपल्याकडे ओढलं. तो अर्धा वळला आणि पुन्हा गादीत रुतला. तिनं परत जोर लावला. उशा बघायला आलेल्या दोन बायका थांबून पाहू लागल्या. त्यातली एक हसली. कुंदनचे कान तापले. तो स्वतःच कोपरावर उठू लागला.

"उठायचं नाही. आईंना उठता येत नाही."

तो परत पडला. तिसऱ्या वेळीही त्याचं अंग त्याच खड्ड्यात गेलं.

"ही नको," सुवर्णा यादवशेठना म्हणाली. तिला दम लागला होता. "कडक दाखवा."

"वहिनी, आजारी माणसाला कडक कशी देऊ? टोचेल ना."

"वरून मऊ गोधडी घालीन. पण खालची गादी दबायला नको. माणूस आत गेला की एकटीला वळवता येत नाही."

यादवशेठनी काथ्याची गादी काढली. वर फोमचा पातळ थर होता. ती पलंगावर टाकून ते गल्ल्यापाशी गेले आणि त्या दोन बायकांना उशा दाखवू लागले.

कुंदन पुन्हा झोपला. या वेळी त्यानं न सांगता अंग सोडलं. सुवर्णानं हात घातले आणि एका दमात तो पलीकडच्या कुशीवर आला, तोंड भिंतीकडे. त्याला वाटलं, झालं. पण तिचा हात त्याच्या पाठीवरच होता. शर्टाची चुणी ती ओढून सरळ करत होती.

"चुणी राहिली की तिथंच जखम होते," ती म्हणाली.

एवढे महिने तो बाहेरच्या खोलीत झोपत होता. रात्री आतून अंथरुणाचा आवाज यायचा, बांगड्या वाजायच्या. तो ऐकायचा आणि परत झोपायचा. आता त्याला उठावंसं वाटेना.

"तेव्हा आई काय करते?" त्यानं भिंतीकडे बघतच विचारलं.

"डाव्या हातानं माझी साडी धरून ठेवतात. पूर्ण वळवून झाल्यावरच सोडतात."

त्यानं मान वळवून तिच्या साडीकडे पाहिलं.

"उठा आता. मी झोपते."

"तू कशाला?"

"पुढच्या आठवड्यात मी मनमाडला जाणार आहे. अमोलच्या लग्नाला. एकच भाऊ आहे मला."

"जा ना. मी कुठं नको म्हणतोय? बाई लावू एखादी."

"दिवसा बाई येईल. रात्री?"

कुंदन पलंगाच्या कडेवर बसून राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुवर्णा, मी पुरुष माणूस. आईला अवघडल्यासारखं होईल."

"मी विचारलं त्यांना. कुंदननं वळवलं तर चालेल का म्हणून."

"मग?"

"मान डोलावली. दोनदा."

ती झोपली. डोळे मिटले आणि अंग असं सोडलं की एक हात पलंगाखाली लोंबायला लागला. कुंदननं तोच हात धरून ओढला.

"हात नाही ओढायचा," ती डोळे न उघडता म्हणाली. "लुळा खांदा निखळतो."

त्यानं खांद्याखाली हात घातला. मग कमरेखाली. एवढ्याशा अंगाचं एवढं वजन असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं श्वास धरला आणि तिला वळवलं. मग आठवण झाली तशी तिच्या पाठीखालची साडी ओढून सपाट केली. उशा घेऊन निघालेल्या त्या दोन बायका दारापाशी थांबल्या होत्या. आता हसत नव्हत्या.

"झालं ना?" त्यानं विचारलं.

"एक कूस झाली. आता पलीकडून. आणि घड्याळ काढा, पट्टा लागतो अंगाला."

कुंदननं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर सारल्या आणि तो पलंगाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला.